वरच्या खोलीतली केटल

आमचे थोरले साडू मनोहरराव महिन्यातून एकदा स्वतःच्याच घरी पाहुणे म्हणून येतात. खांद्याला बॅग अडकवून फाटकाबाहेर पडतात, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून परत येतात आणि स्वतःच्या दाराची बेल वाजवतात. ती नीट वाजली याची खात्री पटली, की खिशातल्या किल्लीनं दार उघडून आत येतात. पहिल्यांदा शेजारी घाबरले होते. आता विचारतात, "काय मनोहरराव, आज कुठून?"

"नागपूरहून. गाडी लई लेट."

गारखेड्यातल्या घराची वरची खोली ते वेरूळ-अजिंठा बघायला येणाऱ्यांना स्वस्तात देतात. सिंचन खात्यातून निवृत्त झाल्यापासूनचा हा उद्योग. "इंतजाम चोख आहे की नाय, ते पाहुणा झाल्याबिगर कळत नसतं," हे त्यांचं पालुपद. इंतजाम म्हणजे एक पलंग, एक पंखा, एक बादली आणि 'सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद' ही माहिती. ती पाहुण्याला बॅग खाली ठेवायच्या आत मिळते. सकाळचा चहा मात्र खाली, व्हरांड्यात, त्यांच्यासोबत. चहात दौलताबादच्या किल्ल्याची अंधारी वाट अशी काही निघते, की पाहुण्याला प्रत्यक्ष किल्ल्यावर पोचायला दुपार होते.

त्यांच्या सौ., म्हणजे माझी थोरली मेहुणी, नातवाला सांभाळायला बंगळुरूला लेकीकडे गेल्या आहेत. जाताना "दोन महिन्यांसाठी" म्हणाल्या होत्या. नातू आता शाळेत जातो.

दिवाळीत त्यांची लेक मुग्धा आली आणि तिनं खोलीबद्दल लोकांनी लिहिलेले अभिप्राय मोबाइलवर मोठ्यानं वाचले. "'खोली स्वच्छ. काका फार बोलतात.'"

"मग यात तक्रार कुठंय?" मनोहरराव म्हणाले.

"बाबा, लोकांना एकांत हवा असतो. वर टीव्ही लावा, शॉवर बसवा, चहाला केटल ठेवा. नाहीतर खोली बंद करून आमच्याकडे राहायला चला."

"शॉवर? अगं, नळाला पाणी येतं तो दिवस इथं सणासारखा असतो!"

शॉवर तिथंच बाद झाला. टीव्हीला त्यांनी मान डोलावली. घोडं अडलं केटलपाशी. मुग्धा ती घेऊनच आली होती. पुढं कितीतरी दिवस केटल खोक्यात आणि मनोहरराव विचारात.

शेवटी मुग्धानं मला फोन केला. "काका, तुम्ही सोक्षमोक्ष लावा." आमच्या घरी कुठलाही निर्णय माझ्यापर्यंत पोचायच्या आत झालेला असतो, त्यामुळे मी हुरळून लगेच स्कूटर काढली.

"तुम्ही मालक व्हा," मनोहररावांनी जाहीर केलं. "मी केटलवाला पाहुणा. सकाळी निकाल."

चहा, साखर, दुधाची पावडर मीच वर नेली. साखरेचा डबा तर काठोकाठ भरला. संध्याकाळी बेल वाजली. दार उघडून मी म्हणालो, "या."

"असं 'या' म्हणतात व्हय? पाहुणा आलाय, वसुलीवाला नाय! आणि सोमवारचं कोण सांगणार?"

"सोमवारी अजिंठा बंद."

"चेहरा असा करून सांगितलं तर माणसाला वाटंल, अजिंठ्यात कुणी गेलं!"

सकाळी मी मालकाच्या खुर्चीत बसलो. समोरची खुर्ची पाहुण्याची. वर टीव्ही लागला. केटलचा खटका वाजला. मग कपबशीची किणकिण. माझा पेपर वाचून झाला. मग वधू-वर पाहिजेत, भाड्याने देणे आहे, हेही झालं. समोरच्या खुर्चीत ऊन येऊन बसलं. माझं लक्ष जिन्याकडे लागलंय, हे मला जरा उशिरानं कळलं. वरून कुणी उतरेना. घरी बायको सारखी हाका मारते म्हणून मी कुरकुरतो, पण त्या सकाळी एखादी हाक आली असती तर धावत गेलो असतो.

एकदाचा जिना वाजला. मनोहरराव अर्धा कप चहा सांभाळत उतरले.

"मालक, जरा साखर मिळंल का?"

"अहो, डबा भरलाय वर. मीच भरलाय."

ते पाहुण्याच्या खुर्चीत बसले. कपाकडे बघत राहिले.

"मुग्धाचं बरोबर आहे," ते म्हणाले. "चहासाठी माणसाला दुसऱ्याची वाट बघायला लावू नाय. केटल राहू द्या वर." मग जरा थांबून, "साखर तेवढी खाली ठेवू."

मी पेपरची घडी घातली.

"आणि जिन्यावर एक दिवा लावून घेऊ. उतरताना कुणाला तकलीफ नको."

दुपारी मुग्धाचा फोन आला. "काका, ठेवली का केटल?"

"ठेवली."

"सगळं सामान आहे ना वर?"

"सगळं," मी म्हणालो.

परवा सकाळी सहज डोकावलो. वर आदल्या दिवशी एक जोडपं उतरलं होतं. मनोहरराव इस्त्रीचा शर्ट घालून, साखरेचा डबा मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसले होते. मी समोरच्या खुर्चीत टेकणार, तोच म्हणाले, "तिथं नका. पलीकडं बसा."

वरच्या दाराची कडी वाजली. त्यांनी डब्याचं झाकण सैल करून ठेवलं.