शुद्धीत सांगा

कोरियातल्या देजॉन शहराच्या इस्पितळात प्राध्यापक प्यो शिकाऊ डॉक्टरांना एकच विषय शिकवत: रुग्णाला आधी सगळं समजावून सांगा, मगच त्याची संमती घ्या. एकदा गुंगीचं इंजेक्शन घेऊन पोटात दुर्बीण घालून घ्यायची पाळी त्यांच्यावरच आली, आणि नर्स फॉर्म घेऊन समजवायला बसली, तेव्हा त्यांना हसूच आलं.

"अगं, हा फॉर्म मीच लिहिलाय. आण, सही करतो."

"सर, निदान गुंगीचं तरी ऐका. त्यात माणूस..."

"पेन दे."

घरचं कुणी सोबत असल्याशिवाय ही तपासणी होत नाही. बायको परगावी, म्हणून सासूबाई आल्या होत्या. त्यांनी मात्र बाहेर बसून तो फॉर्म अथपासून इतिपर्यंत वाचला.

प्यो जागे झाले तेव्हा नर्स ओठ दाबून उभी होती आणि उशाशी बसलेल्या सासूबाई भिंतीकडे बघत होत्या.

"मी काही बोललो का?"

"तेच सांगत होते, सर. गुंगीत माणूस मनातलं बोलतो. तुम्ही किमचीबद्दल बोललात."

प्यो यांनी चादर नाकापर्यंत ओढली. दर हिवाळ्यात सासूबाई घरच्या किमचीचे, म्हणजे कोबीच्या आंबवलेल्या तिखट लोणच्याचे, डबे पाठवत. हे गृहस्थ "वा, आई, काय चव!" असा फोन करत आणि डबे तसेच इमारतीच्या रखवालदाराला देत.

"सगळं बोललो?"

"रखवालदाराच्या नावासकट," सासूबाई म्हणाल्या. "त्याला आवडते म्हणे. बरं झालं."

टॅक्सीत प्यो खिडकीबाहेर बघत बसले. एवढा मोठा प्राध्यापक, पण शरमेने त्यांचे कान लालबुंद झाले होते.

रात्री सासूबाईंनी त्यांच्यापुढे तांदळाची पेज ठेवली, शेजारी किमचीची वाटी.

"जावईबापू, ही किमची. हिच्यात लसूण आहे, मिरची आहे, खारवलेली कोळंबी आहे. खाल्लीत तर जळजळेल. नको म्हणालात तर माझ्या वागण्यात काही फरक पडणार नाही. समजलं?"

"आई, मला फार लाज वाटते हो."

"वाटू दे. उत्तर द्या. शुद्धीत आहात तोवर."

प्यो यांनी मान खाली घातली. "नको, आई. मला नाही आवडत. पहिल्यापासूनच."

सासूबाईंनी वाटी उचलली आणि हुश्श करून खुर्चीत बसल्या.

"सुटले बाई! दर थंडीत त्या कोबीच्या ढिगापुढे बसून कंबर मोडते माझी."

"मग आई, तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं?"