अक्रोडाचा पापुद्रा आणि घेवड्याची मडकी

वाचकहो, ज्याने चाळीस वर्षे शाळेत लॅटिन शिकवले, त्याला लाकडाचा एक फुगलेला पापुद्रा चिकटवता येणार नाही काय? येईल! अवश्य येईल! अशा दृढ निश्चयाने मी त्या शनिवारी सकाळी बाह्या सरसावल्या.

कपाट साधेसुधे नव्हते. आमच्या अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडात इंग्रज राजाचा अंमल असताना घडवलेले, चार खणांचे, आणि दर्शनी बाजूस अक्रोडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा सरसाने जडवलेला. त्यावरच्या रेषा पाहिल्या की डोहात मेघ उतरल्याचा भास होई! माझी पत्नी हॅरिएट या ठेव्यासाठी अर्धे आयुष्य झुरली होती. तिची थोरली बहीण कॉर्डेलियाताई यांनी तो अखेर आमच्याकडे धाडला, पण माझ्या दुरुस्त्यांची ख्याती ऐकून असल्याने एका अटीवर. "महिनाभर विन्स्लोरावांनी याला हात लावला नाही, तर कपाट तुझं. लावला, तर दुसऱ्या दिवशी संग्रहालयात!"

महिना त्याच संध्याकाळी भरत होता. ताई चर्चच्या जेवणावळीला येणार होत्या. आणि त्याच सकाळी वरच्या खणावर बोराएवढा फुगवटा उगवला!

हॅरिएट चर्चमध्ये टेबले मांडायला गेली होती. सुतारकामावरच्या एका ग्रंथात स्पष्ट लिहिले होते की, जुना सरस उष्णतेने व ओलाव्याने मृदू होतो. मी ओले फडके पसरले आणि इस्त्री टेकवली. फुगवटा बसला! काय सांगू तो आनंद! येथेच थांबलो असतो, तर आज सज्जनांत गणला गेलो असतो. परंतु यश मिळालेल्या मनुष्याला थांबवणार कोण? उरलेल्या खणांनाही उपचाराचा लाभ व्हावा, या उदात्त हेतूने मी चौघांवरून इस्त्री फिरवली. चारही पापुद्रे सुटले आणि निखाऱ्यावरच्या पापडासारखे वळले!

आता हवी होती उष्णता आणि हवा होता भार. दोन्ही एकत्र कोठे मिळणार? आमच्याच चुलीवर! जेवणावळीसाठी काकवीत शिजवलेल्या घेवड्याची चार मडकी तेथे रटरटत होती. रुंद बुडाची, उकळत्या पोटाची, प्रत्येकी एखाद्या वासराच्या वजनाची! मी पितळी कड्या काढल्या, खण दर्शनी बाजू वर करून मांडले, भरपूर सरस लावला, पापुद्रे पसरले आणि प्रत्येकावर एकेक मडके विराजमान केले. सरस भेगांतून वर आला आणि मडक्यांच्या बुडांना बिलगला, हे मला दिसले नाही. दिसले ते चार वाजता, मडके उचलताना. मडक्यासवे खणही उठला!

इतक्यात चर्चची व्यवस्था पाहणारा डीकन ओबेद गाडी घेऊन दारात.

"मास्तर, मडकी द्या! लोक चमचे वाजवायला लागलेत!"

"न्या ना. फक्त सोबत थोडं सामान आहे."

"कसलं सामान?"

"खण."

ओबेदने एक मडके हिसडले. खण त्याच्या गुडघ्यावर आदळला. "आई गं! मास्तर, हे काय करून ठेवलंत? तापवून सुटतील का?"

"सुटतील. पण पापुद्रा मडक्याबरोबर येईल!"

"मग राहू दे मडकी इथंच."

"आणि लोकांना काय वाढणार?"

"तुम्हीच सांगा! लॅटिन वाढू?"

शेवटी आम्ही खणांसकट मडकी नेली, टेबलावर मांडली आणि खणांभोवती पांढऱ्या चादरी गुंडाळल्या. हॅरिएट पाहतच राहिली.

"अहो, किती छान उंच बैठक केलीत! कुठून आणलीत?"

"घरातूनच," मी सत्य बोललो. शंभर टक्के सत्य!

ताई आल्या. काठी टेकत मडक्यापाशी थांबल्या आणि ओबेदला म्हणाल्या, "तिरकं कर रे जरा, तळाचा घट्ट रस हवाय मला."

"तिरकं... होत नाही, ताई."

"का? जमिनीत रोवलंय?" आणि त्यांनी काठीच्या टोकाने चादर उचलली!

सभागृहात शंभर माणसे. शंभर माना खणाकडे वळल्या! हॅरिएट धावत आली. "गेलं! ताई, माझं कपाट गेलं!"

ताईंनी चारही चादरी उचलून पाहिल्या. मग बशी पुढे करून घेवडा वाढून घेतला आणि सावकाश खाल्ला. तोंड पुसून म्हणाल्या, "रडू नकोस. संग्रहालय आता हे कशाला घेतंय? आणि यांच्या उद्योगाची शिक्षा तुला का? कारागीर बोलावते. कपाट तुझ्याकडेच राहील."

माझे डोळे भरून आले. "ताई, आपले उपकार या जन्मी..."

"थांबा, विन्स्लोराव! माझं बोलणं पुरं झालेलं नाही. कपाट आणि तुम्ही एका छपराखाली नकोत. ते तिकडे राहील, तुम्ही माझ्याकडे!"

मी मोठ्या आशेने हॅरिएटकडे पाहिले. ती विचारात पडली. क्षणभर! केवळ एक क्षण!

"ताई, यांचे लोकरी मोजे उद्या पाठवते."

वाचकहो, हा मजकूर मी ताईंच्या वरच्या खोलीत बसून लिहीत आहे. खोली हवेशीर आहे, दोन्ही वेळचे जेवण उत्तम आहे. खाट लोखंडी आहे, टेबल लोखंडी आहे आणि खुर्चीही लोखंडीच आहे. तिचा एक पाय किंचित डुगडुगतो खरा. पण मी अद्याप कोणास काही बोललेलो नाही!