नरसिंगरावांचे चार स्क्रू

“सात वाजता सगळ्यांनी आमच्या गच्चीवर यायचं. माझा उपग्रह पडणार आहे!” नरसिंगरावांनी सकाळीच गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगून टाकलं.

माझा म्हणजे काय, तर तीस वर्षांपूर्वी बंगळूरच्या कारखान्यात असताना त्यांनी त्या उपग्रहाचे चार स्क्रू आवळले होते. केव्हाच बंद पडलेलं ते धूड आज जळत जळत म्हैसूरवरून जाईल, असं त्यांनी बातमीत वाचलं होतं. बातमीत ‘जाऊ शकेल’ होतं, पण एवढं बारीक वाचायला धीर कुणाला!

“चार स्क्रूंवर माझा म्हणे!” गिरिजाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “कपाटाचं बिजागर वर्षभर लोंबतंय, ते आवळा की अगोदर! आणि मेलाय म्हणता, मग सुतक बितक धरायचं काय आपण?”

“यंत्राला कसलं सुतक! तीस वर्षं कुणी विश्वास ठेवला नाही ना माझ्यावर? आज सगळ्यांना दाखवतो.”

येलवालहून चुलतभाऊ रघुनाथराव सहकुटुंब आले. एवढी माणसं बघून गिरिजाबाईंना बिसीबेळे भाताचं मोठं पातेलं चढवावं लागलं. गच्चीवर वाळत घातलेले सांडगे उचलायला त्या धावल्या, तोवर त्यांच्यावर कुणीतरी बसलंही होतं.

सात वाजले. रविवार असल्याने राजवाड्याचे दिवे लागले आणि चामुंडीच्या टेकडीवरच्या आभाळाकडे लागलेल्या सगळ्या माना तिकडे वळल्या.

“अय्यो, इकडे बघा की!” नरसिंगराव ओरडले. तेवढ्यात एक ठिपका लुकलुकत आला. “आला, आला!” टाळ्या पडल्या. रघुनाथरावांनी तर हात जोडले. मग ठिपका शिस्तीत डावीकडे वळला. विमान होतं.

शेजारचा विजय, मूळचा पुण्याचा, फोन बघत हळूच म्हणाला, “काका, तो पडला. अर्धा तास झाला. पॅसिफिक महासागरात.”

“सुम्मने, उगीचच चढवलंत की दादा एवढे जिने!” रघुनाथराव म्हणाले, आणि सगळी गल्ली हसत हसत भाताकडे खाली गेली.

नरसिंगराव एकटेच वर राहिले. त्यांना फार वाईट वाटत होतं. चारच स्क्रू, पण स्वतःच्या हातचे होते, आणि शेवटचं बघायलासुद्धा मिळालं नाही.

गिरिजाबाई खांद्यावर टॉवेल टाकून वर आल्या. आता कपाटाचं निघणार, म्हणून नरसिंगरावांनी मान खाली घातली.

“उठा,” बाई म्हणाल्या, “गरम पाणी काढलंय. लांब वारला म्हणून काय झालं? आपलाच होता नव्हे. आंघोळ करा, मग जेवा.”