झाडाच्या नावाचे गाव

माणसाने कुठे राहावे हे त्याच्या हातात नसते, पण त्याने कुठे राहायला हवे होते हे शेजाऱ्यांना नेहमी ठाऊक असते. नाशिकची आमच्या खात्याची वसाहत याच तत्त्वावर उभी होती. तिच्या एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला वीटभट्ट्या आणि मधल्या जागेत आम्ही (कुटुंबे चौऱ्याऐंशी, नळ सहा, झाड एक, तेही विजेच्या खांबावर वेल चढल्यामुळे तसे वाटे).

सावळीराम आमच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि वसाहतीत माझे भिंतीपलीकडचे शेजारी. त्यांच्या पत्नी विमलाबाई यांना दमा होता. भिंत एका विटेची असल्यामुळे तो आम्हालाही ऐकू येई. १९७६ साली डॉक्टरांनी त्यांना तपासले, खिडकीतून बाहेर बघितले आणि औषधांच्या खाली लिहून दिले, 'झाडीच्या लहान गावी राहायला जाणे.' दुसरा कुणी असता तर त्याने महिन्याभरात बिऱ्हाड हलवले असते. सावळीराम जबाबदार गृहस्थ होते. त्यांनी फाइल उघडली.

फाइलवर सुवाच्य अक्षरात लिहिले होते, 'कौटुंबिक स्थलांतर : झाडीयुक्त लहान गावाची निवड करणेबाबत.' तिच्यासाठी त्यांनी बावीस रकान्यांचा एक नमुना तयार केला. रकाना सात, झाडांची संख्या (बाभूळ अर्धी धरावी, निवडुंग धरू नये). रकाना नऊ, सावलीची वेळ, पासून व पर्यंत. रकाना अकरा, शेवगा झाडात धरला आहे की भाजीत, याचा खुलासा. नमुना निर्दोष व्हायला चौदा महिने लागले. खोकल्यासाठी मात्र त्यात रकाना नव्हता, आणि तो चौदा महिने तसाच चालू राहिला.

नंतर गावांची यादी करायची होती. एका रविवारी सावळीराम एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाच्या फळ्यासमोर वही घेऊन उभे राहिले. त्यांचा विचार सरळ होता. ज्या गावाचे नावच झाडावरून पडले आहे, तिथे झाड असणारच. सिन्नर आणि निफाड या नावांत कोणतेही झाड नसल्याने ही दोन्ही गावे पहिल्याच फेरीत बाद झाली. सायखेड्याचा प्रश्न जरा अवघड होता. तीन आठवड्यांच्या विचारानंतर यातली साय ही दुधावरची आहे असे ठरले आणि पुढे शेरा पडला, 'पौष्टिक, परंतु अपात्र.' शेवटी एकतीस गावे उरली. वडाची नऊ, पिंपळाची सात, चिंचेची पाच, आंब्याची चार, जांभळाची तीन, उंबराची दोन आणि बोरीचे एक (काट्यांच्या अटीवर).

पाहणीला मी साक्षीदार म्हणून बरोबर जात असे. विमलाबाईंना एसटीतली धूळ सोसत नसे, म्हणून ज्यांच्यासाठी गाव शोधायचे त्या घरीच असत. पहिले गाव वडटेक. थांब्यावर वाल्मीक नावाचा एक सायकलदुरुस्तीवाला पंक्चर काढत बसला होता.

"इथला वड कुठे आहे हो?" सावळीरामांनी विचारले.

"वड व्हय? तो माझ्या आज्यानं तोडला. लय मोठा व्हता म्हणं. ही पंचायत दिसती ना, ती त्याच्याच जागंवर हाय."

"मग गावाला वडटेक का म्हणता?"

"मग काय पंचायतटेक म्हणायचं का?" वाल्मीक म्हणाला आणि पुन्हा ट्यूबकडे वळला.

सावळीरामांनी रकाना सातमध्ये नोंद केली, 'वड होता. कार्यवाही पूर्ण.'

दोन वर्षे आम्ही रविवारी हिंडलो. पिंपळाच्या एका गावात पिंपळ होता, पण तो फक्त शाळेच्या शिक्क्यावर. चिंचेच्या गावात कंडक्टरने "चिंच उतरा" असे ओरडून आम्हाला एका पत्र्याच्या शेडपाशी उतरवले. तिथले शेवटचे चिंचेचे खोड जळणाला गेल्याला अकरा वर्षे झाली होती. आंब्याच्या गावात आंबे नाशिकच्या बाजारातून येत. एकतीस गावांची पाहणी पुरी झाली तेव्हा ज्यांच्यावरून नावे पडली अशी दोनच झाडे हयात आढळली. त्यांतले एक वाळलेले होते आणि दुसऱ्याला पोस्टाची पेटी ठोकलेली होती.

हा अहवाल सावळीराम घरी वाचून दाखवत होते तेव्हा विमलाबाई डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत होत्या. मी दारातच उभा होतो. टॉवेलच्या आतून त्या म्हणाल्या, "अहो, माणूस गेला की आपण त्याचा फोटो भिंतीवर लावतो ना? तसंच असेल हे. झाड गेलं की त्याचं नाव गावाला देतात. ज्या गावाला अजून झाडाचं नाव दिलेलं नाही, तिथे जाऊन बघा की एकदा."

 सावळीरामांनी लगेच नमुन्यात दुरुस्ती केली, 'नावात झाड असल्यास गाव आपोआप अपात्र.' नवीन यादीत सर्वांत उघडेबोडके नाव निवडायचे होते. ते सापडले इगतपुरीच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. नाव होते बोडखेड.

बोडखेडच्या फाट्यावर उतरलो तर गाव दिसेचना, इतकी झाडी. आंबे, जांभळे, ऐन, हिरडे, आणि ज्यांची नावे आम्हा दोघांना येत नव्हती अशी कितीतरी. सावळीराम मोजू लागले आणि नऊशे नव्व्याण्णव झाल्यावर थांबले, कारण रकान्यात तीनच आकडे मावत होते. वाटेत फुलाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई पानांची पत्रावळ लावत बसल्या होत्या.

"मावशी, एवढी झाडी असून गावाला बोडखेड का म्हणतात?"

"आमची माणसं पयल्यांदा आली तव्हा इथं बोडका माळ व्हता, बाबा. ऊन लागाया लागलं म्हून झाडं लावली. नाव बदलाया कुणाला टाइम हाय?"

सावळीरामांच्या डोळ्यांत पाणी आलेले मी पाहिले. त्यांनी ते नमुन्यात लिहिले नाही.

आता बदली हवी होती. बोडखेडला आमच्या खात्याची एका टेबलाची शाखा होती. पण आमच्या कचेरीत लहान गावी स्वतःहून बदली मागण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे तसा छापील अर्जही नव्हता. छापील अर्ज एकच होता, बदली रद्द करण्याचा, आणि तो साहेब न वाचता नामंजूर करत. सावळीरामांनी विचारपूर्वक तोच भरला. 'माझी बोडखेड येथे झालेली बदली कृपया रद्द व्हावी.' बदली मुळात झालेलीच नव्हती. अर्ज आठ दिवसांत नामंजूर होऊन आला आणि त्यामुळे बदली कायम झाली. शासनाने नागरिकाची मागणी इतक्या तत्परतेने पूर्ण केल्याचे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही.

१९८१च्या जूनमध्ये बिऱ्हाड हलले. दिवाळीच्या सुमारास माझ्या पत्नीला विमलाबाईंचे पोस्टकार्ड आले, 'येथे श्वास लागत नाही. रोज टेकडी चढते. मध्ये थांबावे लागत नाही.' मला मनापासून बरे वाटले. भिंतीपलीकडची शांतता अंगवळणी पडायला मात्र महिनाभर गेला.

पोस्टकार्ड हा आमच्या वसाहतीत सार्वजनिक दस्तऐवज मानला जाई. ते चौऱ्याऐंशी घरांत वाचले गेले आणि सर्वांचे एकमत झाले की जी हवा आजाऱ्याला इतकी मानवते, ती धडधाकट माणसाला तर केवढी मानवेल. पुढच्या तीन वर्षांत एकसष्ट कुटुंबे बोडखेडला गेली. त्यांत माझेही होते. बदली रद्द करण्याचे अर्ज त्या काळात इतके आले की ते पुन्हा छापावे लागले.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बोडखेडमध्ये कुणीही झाडे तोडली नाहीत. प्रत्येकाने फक्त आपल्या आड आलेले झाड काढले. एक पायासाठी, एक विहिरीसाठी, एक स्कूटर वळायला जागा हवी म्हणून, एक वास्तुशांतीच्या मांडवासाठी, आणि एक अंगणात पाने पडतात म्हणून. मी दोनच काढली. तिसरे पत्नीच्या म्हणण्यावरून काढले, म्हणून ते मी माझ्यात धरत नाही. एवढ्या घरांना विटा लागतात आणि नाशिकहून आणणे परवडत नाही, म्हणून टेकडीच्या पायथ्याशी भट्टी सुरू झाली. तिला जळण लागले, तेही सोयीने जवळच होते.

आमचे निसर्गप्रेम मात्र कुणी नाकारू शकणार नाही. प्रत्येक घराला नाव दिले गेले. आम्रकुंज, जांभूळबन, हिरडाई, वृक्षवल्ली. नाव देताना जे झाड त्या जागी होते त्याचाच मान राखायचा, असा आमचा शिरस्ता होता. माझे घर 'ऐनछाया'. संगमरवरी पाटीवर अक्षरे कोरून घेतली आहेत आणि त्यांवर दुपारभर स्वच्छ ऊन असते.

१९८५च्या थंडीत मला सावळीरामांच्या घरातून पुन्हा तो आवाज ऐकू आला. आमच्या दोन घरांत आता शंभर पावलांचे अंतर होते. पण मध्ये काही आड नसल्यामुळे आवाज चांगला येई. मी दोन-तीनदा चौकशी केली. विमलाबाई म्हणत, "बरी आहे, भाऊजी," आणि मग पुढचे बोलायला वेळ लागे.

पुढच्या वर्षी ग्रामसभेपुढे एकच विषय होता. बोडखेड हे नाव गावाच्या प्रतिष्ठेला शोभत नव्हते. लग्नपत्रिकेवर ते छापताना नव्या रहिवाशांना संकोच होई. बऱ्याच चर्चेनंतर 'वनराईनगर' हे नाव सुचवले गेले. सूचक मी होतो. फुलाबाई मागे बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "आता कशाला?" पण ते हरकत म्हणून नोंदवता येईल अशा स्वरूपात नव्हते. हात वर झाले, ठराव मंजूर झाला, टाळ्या पडल्या. इतिवृत्त सावळीराम लिहीत होते.

विमलाबाई बायकांच्या रांगेतून उठल्या आणि घरी गेल्या. सावळीराम इतिवृत्तावर सह्या घेऊन पोहोचले तेव्हा दोन वळकट्या बांधून ओट्यावर ठेवलेल्या होत्या.

"अहो, गावाला नाव पडलं. आता इथे काही उरलं नाही. चला."

"कुठे? थांब, मी नमुना काढतो," सावळीराम म्हणाले.

"तुमचा नमुना भरेपर्यंत मला श्वास पुरायचा नाही."

त्या दिवशी सावळीरामांनी आयुष्यात पहिल्यांदा फाइल न उघडता एक निर्णय घेतला. ते निघताना मी ट्रकपाशी गेलो. नवा पत्ता मागितला. विमलाबाईंनी दम घेत माझ्याकडे बघितले आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यावर राग नाही माझा. पण पत्ता नाही द्यायची." मला वाईट वाटले. इतक्या वर्षांचा शेजार होता, आणि माझे काय चुकले ते मला अजूनही नीट कळलेले नाही.

अर्थात मी त्याच खात्यात नोकरीला आहे. बदली रद्द करण्याचे नामंजूर अर्ज कुठल्या कपाटात ठेवतात हे मला माहीत आहे. सावळीरामांचा नवा अर्ज मला तिसऱ्या कप्प्यात मिळाला. त्यातल्या गावाचे नाव इतके ओसाड आहे की नुसते वाचूनच मला मोकळे वाटले. येत्या रविवारी जाऊन येणार आहे. फक्त बघायला.

ते नाव इथे लिहावे असे फार मनात होते. पण तिथे एसटी जाते का आणि शाळा कितवीपर्यंत आहे, हे तुम्ही आत्ताच मनात विचारलेत. तेव्हा आधी जरा उठा आणि आपल्या फाटकावरची पाटी वाचून या. तिच्यावर ज्या झाडाचे नाव आहे, त्याच्या जागी तुमचे स्वयंपाकघर आहे.