मेजरसाबची बाजारातली ड्युटी

आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या गावात एक माणूस घडीची लोखंडी खुर्ची काखेत मारून यायचा, बायकांच्या संडासापुढे ती मांडायचा, दाराकडे पाठ करून ताठ बसायचा आणि समोरच्या चहाटपरीवरच्या माणसांकडे डोळे वटारून पाहत राहायचा. दिवेलागणीपर्यंत. आता तुम्ही म्हणाल, असेल कोणी डोकं फिरलेला. नाही जी. फौजेतून मेजर होऊन आलेला माणूस, संत्र्याच्या पॅकिंगचा मोठा धंदा, गावाचा नगराध्यक्ष होऊन गेलेला. आणि माझा शेजारी. यातलं शेवटचं मी कोणाला आपणहून सांगत नव्हते.

आमचं गाव सौसर आणि पांढुर्ण्याच्या मधात. मेजरसाब इथे आले तेव्हा त्यांची बायको आधीच वारली होती. किडनीच्या आजारानं गेली, एवढंच आम्हाला ठाऊक. आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांनी घर बांधलं, आणि दुसऱ्याच दिवशी भिंतीवरून विचारलं, "वहिनी, तुमच्या टाकीचं पाणी वाहून राहिलं. रिपोर्ट केली का कोणाले?" माझे मिस्टर तेव्हा होते. ते म्हणाले, आता झालं, फौज शेजारी आली.

माणूस सगळीकडे फौजच पाहायचा. पॅकिंगच्या शेडमध्ये संत्र्याच्या पेट्या अशा लावायच्या की दोरी धरली तरी वाकडी निघू नये. डागी संत्रं फेकायचं नाही, ते आजारी जवानासारखं "सिक रिपोर्ट"वर वेगळं ठेवायचं. जामसांवलीला आम्ही गल्लीतले सगळे गेलो तर यांनी हात जोडले नाही, कडक सॅल्यूट ठोकला. तिथला हनुमान निजलेला आहे ना, म्हणून आवाज एकदम बारीक करून म्हणे, "साहेब आराम करून राहिले, घंटा जोरानं वाजवू नका." पुजारीसुद्धा हळू बोलायला लागला.

तर तो संडास. अध्यक्ष झाल्यावर लोकांना वाटलं, साहेब कमान बांधतील, कारंजं बांधतील. यांनी भर बाजारात, धान्याच्या ओळीमागे, बायकांचा संडास बांधला. दुकानदार म्हणत, पाहिजेच, पण आमच्या दुकानाजवळ नको. असं सगळेच म्हणत. मेजरसाब म्हणाले, "मंग तुमच्या सगळ्यायच्या मधात बांधतो." आणि बांधला.

बांधला, पण एकही बाई आत जाईना. जाणार कशी? दार चहाटपरीच्या तोंडासमोर. कोण गेली, कोण निघाली, टपरीवरचे चहा पीत मोजणार. बायांनी तिकडे पाहणंसुद्धा सोडलं. मेजरसाबनी दोन-चार बाजार दुरून पाहिलं, कारण समजून घेतलं, आणि मग ती खुर्ची आली. कोणी बाई दाराकडे वळली की हे खुर्चीतून उठायचे आणि टपरीकडे पाहून आवाज द्यायचे, "पीछे मूड!" पहिल्यांदा लोक हसले. मग टपरीवाल्यालाच समजलं की सगळे वळल्याशिवाय हा माणूस बसत नाही आणि तोवर धंदा होत नाही. पुढे पुढे सगळी टपरी न सांगता भिंतीकडे तोंड करून चहा प्यायला लागली. परगावचा माणूस आला की त्याला वाटे, इथे चहा असाच पितात.

बाया जायला लागल्या. मोहगावच्या, रामाकोन्याच्या भाजीवाल्या, शेडमध्ये संत्री निवडणाऱ्या, सगळ्या. मीही जायला लागले, नाही कशाला म्हणू.

पण माझ्या नशिबी एक वेगळीच आफत होती. हा माणूस स्वतः आत जाऊन पाहू शकत नाही. बाहेरून पाठ करून बसलेला. मग नळ चालू आहे का, कडी लागते का, हे कळणार कसं? कोणी ओळखीची बाई पाहिजे. ती मी.

एकदा माझ्या लेकीची सासू आली होती. मोठ्या घरची बाई, तोलूनमापून बोलणारी. तिला बाजार दाखवायला नेलं. आम्ही धान्याच्या ओळीत उभ्या, आणि पलीकडून मेजरसाबचा फौजी आवाज, "वहिनी! आतली कडी लागून राहिली का? नळाची रिपोर्ट द्या!"

सगळा बाजार माझ्याकडे पाहतो आहे. विहीणबाई माझ्याकडे पाहते आहे. मी समोरच्या ढिगातली ज्वारी अशी निरखून पाहिली की दुकानदाराला वाटलं हिला पोतं घ्यायचं आहे. कानशिलं तापली माझी. घरी आल्यावर भिंतीवरून त्यांना खूप बोलले. म्हटलं, मेजरसाब, तुम्हाला लाज नसेल, आम्हाला आहे.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर. उघड्यावर बोलायचं नाही. सिग्नल ठरवू."

आता या माणसाला काय करावं? ठरला सिग्नल. सगळं ठीक असलं तर माझी थैली डाव्या हातात. काही बिघाड असला तर उजव्या हातात. मी समोरून थैली घेऊन चालत जायची, ते बारीक मान हलवायचे. आपल्याच गावच्या बाजारात हेर झाले मी या वयात. आणि खरं सांगते, एकदा उजव्या हातात थैली धरली तर तासाभरात प्लंबर हजर.

या हिवाळ्यात मेजरसाब गेले. महिनाभर खाटेवरच होते. गावानं एक दिवस दुकानं बंद ठेवली, मग बाजाराच्या दिवशी मोठी श्रद्धांजली सभा केली. मांडव, फुलांनी मढवलेला फोटो, माईक. एकेकजण उठून बोलला. शूर सैनिक. थोर उद्योजक. शिस्तप्रिय अध्यक्ष. चौकाला नाव द्यायचं ठरलं, पुतळ्याचं निघालं. संडासाचं नाव कोणी घेतलं नाही. आणि मला ठाऊक होतं, मागे बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, की मेजरसाब खाटेवर पडल्यापासून त्या दाराला कुलूप लागलं आहे आणि आत कोणाच्या तरी रिकाम्या पेट्या रचल्या आहेत.

शेजारीण म्हणून मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी उठले. इतक्या माणसांसमोर, फुलांच्या फोटोसमोर, तो शब्द कसा घ्यायचा? मी म्हटलं, साहेबांनी बायकांची एक सोय केली होती, ती बंद आहे.

सभेचे अध्यक्ष भला माणूस. माईकमध्ये म्हणाले, "कोणती सोय, माई?"

मी म्हटलं, ती बाजारातली.

"बाजारात तर खूप सोयी केल्या साहेबांनी. पाण्याची म्हणता का?"

मी फोटोकडे पाहिलं. फोटो समोरच पाहत होता, त्याची काही मदत नाही. मी माईक घट्ट धरला आणि म्हटलं, "संडास, भाऊ. बायकांचा संडास. कुलूप लावून ठेवलं आहे."

माईकवाल्यानं आवाज मोठाच ठेवला होता. शब्द पार बसस्टँडपर्यंत गेला असेल. पहिल्या ओळीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझं तोंड लाल. मग मागून कमलाबाई, कांदे विकते ती, बसल्या जागेवरूनच म्हणाली, "सकाळपासून आम्ही घोटभर पाणी पेलो नाही जी. बाजार आहे ना आज."

थोड्या वेळानं चाबी निघाली. कोणाच्या खिशातून निघाली ते मी पाहिलं नाही, मीही खालीच पाहत होते. सभा संपायच्या आत पेट्या बाहेर आल्या.

मी घरी आले तर मागोमाग एक म्हातारी आली. मेजरसाबची मेहुणी, रामाकोन्याची, सभेसाठी एकटीच बसनं आली होती. मी चहा ठेवला. ती खुर्चीवर बसेना, खालीच बसली.

"तुम्ही बोलल्या ते बरं केलं," म्हणाली. "माझी ताई बी तशीच होती. बाजार म्हणा, लग्न म्हणा, घरातून निघाली का पानी बंद. रस्त्यात कुठं जाईन म्हणून. आमाले सगळ्यायले तशीच सवय. तिच्या किडन्या गेल्या तवा डाक्टरनं भाऊजीले इचारलं, बाई दिवसाले पानी किती पेते? भाऊजीले सांगता नाही आलं."

मी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

"मंग माझ्यावर चिडले. म्हणे, तू तरी सांगायचं. मी म्हटलं, भाऊजी, असं बायका सांगतात का मानसायले? तर म्हणे, सांगत नाहीत. पण मले इचारता येत होतं. फौजेत पहाडावर पोट्ट्यायले रोज इचारत होतो, पानी पेलं का. घरी एकच बाई होती."

ती बोलत राहिली आणि तिचा चहा तसाच निवून गेला. मी म्हटलं, थांबा, गरम करून आणते, आणि कप उचलायला वाकले. तिनं कपावर हात ठेवला आणि शरमून हसली.

"राहू द्या जी," म्हणाली. "मले अजून बसनं जायाचं हाय."