राणीच्या नावाची डबी

नांदूरघाटात छाती ठोकून बोलावं तर उत्तरेश्वरनंच! "आपली डुकरं माणसापरीस साफ हायती," तो पारावर सांगायचा. "सिमेंटची जमीन, रोज पाणी, रोज झाडू. जंत औषधालाबी घावायचा न्हाई!"

त्याची बायको रतनबाई मात्र सावध होती. शेड बांधतानाच तिनं बजावलं होतं, "ज्या डुकरात जंत निघंल, त्याला त्याच दिशी धर्मराजच्या टेंपोत घालून खाटकाकडं धाडीन. घरात नातवंडं हायती!"

गुरांच्या डॉक्टर प्रियदर्शनी मॅडम तपासणीला येणार असं कळलं आणि उत्तरेश्वर कामाला लागला. प्रत्येक डुकराच्या विष्ठेची एकेक डबी नाव लिहून तयार ठेवायची होती. बाकीच्या भरल्या. राहिली राणीची. राणी म्हणजे त्याची लाडकी डुकरीण, हाक मारली की धावत यायची. पण कालपासून तिनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. तिच्यात जंत निघाले तर? त्याला रडूच कोसळलं.

मग त्यानं डोकं लढवलं. घरात संडास असूनही त्याला बांधाआडच्या मोकळ्या हवेची सवय. टमरेलाबरोबर राणीची डबीही घेतली आणि निघाला. आपलं पोट कसं, अगदी देवघर!

मॅडम मायक्रोस्कोप घेऊन शेडवरच आल्या. सगळ्या डब्या स्वच्छ! राणीच्या डबीला मात्र त्या उडाल्याच. "बापरे! काका, बघा तरी!"

उत्तरेश्वरनं डोळा लावला आणि काढायचं नावच घेईना. सोनेरी, तपकिरी गोल दाणे, आणि प्रत्येकाभोवती बारीक नक्षीची झालर. सोनाराच्या बापाला जमणार नाही असं काम!

"काय हाय म्हनं हे?"

"जंतांची अंडी. एक मादी दिवसाला दोन लाख घालते. मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात."

"दोन लाख! रोज! अन् कुनाला पत्ता न्हाई?" त्यानं चक्क हात जोडले. एवढा कारखाना चालतो आणि मालकाला आवाजसुद्धा नाही! जन्मात पहिल्यांदा त्याला आपल्या पोटाविषयी आदर वाटला.

"डबी कुणाची?"

"राणीची!" म्हणत मागं उभ्या रतनबाईनं फोन लावलाही. "धर्मराज, टेंपो घेऊन ये रं!"

"अहो मावशी, औषधानं जातील," मॅडम म्हणाल्या. "काका, राणी बाहेर मातीत जाते?"

"रोज सकाळी. बांधाआड." उत्तरेश्वरचं सगळं लक्ष फोनकडे.

"मातीतलं काही खाते?"

"गाजरं. उपटायची, धोतराला पुसायची अन् खायची."

"धोतराला?" मॅडमचं पेन थांबलं. "राणी?"

बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला. उत्तरेश्वर शेडच्या दारात आडवा झाला. "राणीला हात लावू नगा! ती डबी माझी हाय! माझ्या पोटातली!"

धर्मराजनं टेंपो जागेवरच बंद केला. मॅडमना हसू आवरेना, तरी त्यांनी राणीची खरी विष्ठा घेऊन तपासली. एक अंडं सापडेल तर शपथ! "राणीला काही झालेलं नाही. माजावर आलीय, म्हणून खात नाही. काका, तुम्ही मात्र आजच माणसांच्या दवाखान्यात जा."

"वाचली गं बाई!" उत्तरेश्वर राणीच्या गळ्यात पडायला धावला. पण रतनबाईनं मधेच आडवं होऊन शेडची कडी लावली, नवऱ्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि घाबऱ्या आवाजात मॅडमना विचारलं,

"म्याडम, ह्यांचं राणीला लागायचं न्हाई ना?"