सोपानभाऊंचं उतरतं ऊन

दुपारी बाराला कुणी देवाघरी गेलं, तरी सोपानभाऊ फोटो काढायला साडेपाचलाच जाणार आणि तोवर मयताला थांबा म्हणणार, असं आमच्या जुन्नरात लोक बोलायचे. हे खोटं आहे. पण बैलाला थांबवलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. बेल्ह्याच्या बाजारातून एकजण नवा बैल टेम्पोत घालून थेट भाऊंच्या स्टुडिओसमोर आला. बैलासोबत फोटो पाहिजे होता. भाऊंनी आभाळाकडं बघितलं आणि म्हणाले, "उन्हाला अजून अक्कल आली न्हाई. बसा." मालक बसला. थोड्या वेळानं बैलही बसला. ऊन उतरलं तेव्हा बैल काही केल्या उठेना. मग मालकच त्याच्याशेजारी मांडी घालून बसला आणि तसाच फोटो निघाला. तो अजून त्यांच्या पडवीत लावलेला आहे म्हणे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. स्टुडिओला लागूनच माझं शिलाईचं दुकान होतं, त्यामुळं मला सगळं दिसायचं. स्टुडिओत तळं आणि हंस रंगवलेला पडदा होता, पण तो फक्त पासपोर्टवाल्यांसाठी. मुलीचा स्थळाला पाठवायचा फोटो असला, की भाऊ तिला आणि तिच्या आईला टमटममध्ये बसवून शिवनेरीच्या मावळतीकडच्या माळावर न्यायचे. सगळं जग किल्ल्याचा फोटो गावाकडून काढतं. भाऊंना ते पटायचं नाही. "संध्याकाळी गावाकडनं किल्ल्याची पाठ दिसती. तोंड बघायचं तर पलीकडं जावा," म्हणायचे.

तिथं पोरीला उभी करायचे. मागं पिवळाधमक झालेला किल्ला, तोंडावर उतरतं ऊन. "हनुवटी नाणेघाटाला, डोळे माझ्या कानाकडं, मन माहेरी." लग्नच न झालेल्या पोरीला कसलं आलंय माहेर? ती हसायची, आणि हसू ओसरता ओसरता भाऊ बटण दाबायचे. मुंबईच्या मासिकांतल्या मॉडेल बायका कापून त्यांनी भिंतीला चिकटवल्या होत्या. कुणी नाक मुरडलं की म्हणायचे, "ह्यांच्यात आन आपल्या पोरींत फरक काय? ह्यांना ऊन बघून उभं करत्यात, एवढंच."

माझं लग्न त्याच उन्हात जमलं. मी पिंपळवंडीची. फोटो बघून जुन्नरचे पाहुणे आले ते नेमके भर दुपारी, पत्र्याच्या घरात. नवऱ्याचे मामा एकदा फोटोकडं बघत, एकदा माझ्याकडं. शेवटी म्हणाले, "ही ती मुलगी न्हाई." माझ्या वडिलांचा चेहरा पडला. त्यांनी गाडी पाठवून भाऊंना आणलं. भाऊ मामांना म्हणाले, "पावणं, ह्या उन्हात तुमचा फोटो काढू का? तुमची बायको बी वळखायची न्हाई. ऊन उतरू द्या, माणूस हाय तसा दिसतो." मग पाहुण्यांना शेतातली विहीर दाखवली, शेजारची विहीर दाखवली, दोनदा चहा पाजला, आणि साडेपाचला मला पडवीत बसवलं. लग्न ठरलं. भांडण झालं की आमचे हे अजून विचारतात, "ते ऊन कुठं ठेवलंस?"

तेव्हापासून भाऊ मुलींच्या बापांना तंबीच द्यायचे, "पावण्यांना साडेपाचला बोलवा. आधी आलं तर विहिरी दाखवा." आम्ही सगळे हसायचो. पण हे वेड त्यांना कुठून लागलं, ते गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

भाऊंची धाकटी बहीण कुसुम. रंगानं काळीसावळी, हाताला चपळ, तोंडानं माझ्यापेक्षा तिखट. तिला पाहायला यायचे ते सगळे बाराच्या एसटीनं. पोहे खायचे, चहा प्यायचे, चपला घालता घालता म्हणायचे, "कळवतो." आमच्याकडं कळवतो म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. भाऊंनी तेव्हा नुकता स्टुडिओ टाकला होता. दुसऱ्यांच्या पोरींचे फोटो काढता काढता घरचीचा राहून गेला. घरचीच तर आहे, कधीही काढू. पुढं पाहुणे यायचेच बंद झाले. मग कुसुम स्टुडिओत बसून दुसऱ्यांच्या वेण्या घालायची, पावडर लावायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, "जा, आता जमलं तुझं."

एका दिवाळीनंतर ती माझ्याकडं मोरपंखी ब्लाउज शिवायला घेऊन आली. म्हणाली, "स्थळाबिळासाठी न्हाई हां. भिंतीवर लावाया एक फोटो असू दे." मला केवढा आनंद झाला. मी तो त्याच दिवशी शिवला. साडी नेसवली, पिना लावल्या. तिची वेणी त्या दिवशी मी घातली. आम्ही दोघी माळावर गेलो. भाऊंनी तिला बघितलं आणि उगाच कॅमेऱ्याची काच पुसत राहिले.

कुसुम उभी राहिली. हनुवटी नाणेघाटाला. आणि नेमका ढग आडवा आला. भाऊ थांबले. दुसरा ढग आला. मी म्हटलं, "भाऊ, काढा हो." त्यांनी कॅमेऱ्यातून बघितलं, आभाळाकडं बघितलं. त्यांना तिचा फोटो सगळ्यांत चांगला काढायचा होता, दुसरं काही नाही. म्हणाले, "आज नको, कुसे. ऊन न्हाई. उद्या बघू."

टमटममध्येच कुसुमनं एकेक पिन काढून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं होतं. साडेपाचला भाऊंनी स्टुडिओच्या दारातून हाक मारली, "कुसे, चल. ऊन लई चांगलं पडलंय."

स्टुडिओमागच्या घरातून आवाज आला, "कळवते."

गल्ली हसली. मीही हसले. भाऊ हसले नाहीत. त्यानंतर रोज साडेपाचला तीच हाक आणि तेच उत्तर. कुसुम रागावलेली नव्हती. भावाला गरम भाकरी वाढायची, तो आजारी पडला तर रात्र रात्र जागायची. पण फोटोला काही आली नाही. भाऊ रीळ संपत आलं की शेवटचा फोटो कुणाचाच काढायचे नाहीत, तो साडेपाचच्या हाकेसाठी राखायचे. लोक चिक्कू म्हणायचे. तेवढा कोराच धुवायला जायचा.

आता पोरं मोबाइलवर भर दुपारी फोटो काढतात आणि पोरीही तेच पाठवतात. स्टुडिओत पासपोर्टपुरते लोक येतात. मी एकदा विचारलं, "भाऊ, डिजिटल का घेत नाही?"

"त्यात शेवटचा फोटो नसतोय, वहिनी," ते म्हणाले. मग कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाले, "बाराच्या गाडीनं आले त्ये परके व्हते. मी तर घरचा व्हतो."

वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी मशीनवर जाऊन बसले.

काल पुन्हा साडेपाच झाले. भाऊंचे केस पिकलेत, कुसुमचेही. त्यांनी कॅमेरा गळ्यात घातला, दारात उभे राहिले आणि हाक मारली, "कुसे, ऊन लई चांगलंय गं."

आत भाकरी थापायचा आवाज क्षणभर थांबला.

"कळवते, दादा."

"बरं," भाऊ म्हणाले, आणि ऊन उतरून जाईपर्यंत दारातच उभे राहिले.